अन्योन्याश्रयाची गाठ



न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला. तेव्हापासून उन्हाळ्याच्या संध्याकाळी चार माणसांनी एकत्र बसून एखादा विषय ऐकावा, ही चाल महाराष्ट्रात गावोगाव पसरली. ह्या व्यासपीठांवर इतिहास आला, धर्म आला, अर्थकारण आले. आज आम्ही जो विषय घेऊन आलो आहोत तो ऐकून काहींना नवल वाटेल. मोबाइलवर किंवा संगणकावर आपण जी पाने उघडतो, त्या पानांच्या आतले भाग एकमेकांशी बोलत असतात, आणि बोलता बोलता कधी एकमेकांत अडकून बसतात. ही गाठ पडते कशी आणि सोडवावी कशी, एवढाच आजचा विषय आहे.

मजुरांच्या चळवळीतल्या माणसाने ह्या भानगडीत का पडावे, असे कोणी विचारील. उत्तर सरळ आहे. पूर्वी मजुराचा हिशेब वहीत असे, आता तो पडद्यावर गेला आहे. शेतकऱ्याचा सातबारा, मुलांची शिष्यवृत्ती, म्हाताऱ्या माणसाचे निवृत्तिवेतन, सारे पडद्यावर गेले आहे. पान अडले की माणूस अडतो. खिडकीपलीकडून उत्तर येते, ‘साइट चालत नाही, उद्या या.’ धडगावच्या किंवा मोलगीच्या डोंगरातून उतरून आलेल्या माणसाला उद्या या म्हणणे म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडवणे होय. म्हणून साइट का चालत नाही हे समजून घेणे आम्हांला संघटनेच्या कामाचाच भाग वाटते. आम्ही महाविद्यालय पाहिलेले नाही. जे कळले ते पुस्तके वाचून आणि पाने बांधणाऱ्या तरुण मुलांच्या शेजारी बसून कळले. तेच आपल्या भाषेत सांगण्याचा प्रयत्न करतो.

ही गाठ संगणकाने जन्माला घातलेली नाही. आपल्याकडे म्हणच आहे की, लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही. आपल्या नैयायिकांनी तर ह्या दोषाचे प्रकार पाडून त्यांना नावेही देऊन ठेवली आहेत. एखादी गोष्ट स्वतःवरच टेकली तर तो आत्माश्रय. दोन गोष्टी एकमेकींवर टेकल्या तर अन्योन्याश्रय. तीन किंवा अधिक गोष्टी वर्तुळ करून टेकल्या तर चक्रक. आणि एकीमागून दुसरी असे टेकत जाण्याला शेवटच नसला तर अनवस्था. वादविवादातले दोष ओळखण्यासाठी काढलेली ही नावे आजच्या वेबपानांच्या दुखण्यांना जशीच्या तशी लागू पडतात, हे पाहून आम्हांला मोठी मौज वाटली.

आता पान म्हणजे काय ते पाहू. पडद्यावर दिसणारे पान एकसंध वाटते, परंतु ते सुट्या भागांचे जुळवलेले असते, आणि प्रत्येक भागाचा मजकूर बहुधा वेगळ्या फाइलीत लिहिलेला असतो. ही लिखाणाची भाषा बहुतेक ठिकाणी जावास्क्रिप्ट असते. एका फाइलीला दुसरीतली वस्तू हवी असली, तर ती आपल्या डोक्यावर तसे लिहिते, ‘मला अमक्या फाइलीतून अमुक वस्तू हवी.’ ह्याला आपण मागणी म्हणू. ही मागणी एका दिशेची असली म्हणजे सगळे सुरळीत चालते. दोन फाइलींनी एकमेकींकडे मागणी केली की अन्योन्याश्रय झाला.

उदाहरण आपल्या भागातलेच घेऊ. दिवाळी झाली की नंदुरबार जिल्ह्यातली हजारो माणसे ऊसतोडीला दक्षिण गुजरातेत जातात. नवराबायकोचे मिळून एक कोयते. जाण्यापूर्वी मुकादमाकडून उचल घेतलेली असते, आणि ती हंगामभर मजुरीतून फिटत जाते. समजा, ह्या हिशेबासाठी कोणी एक पान बांधले. पानाचे दोन भाग केले. एकाचे नाव ‘उचल’. त्याने किती बाकी राहिली ते दाखवायचे. दुसऱ्याचे नाव ‘मजुरी’. त्याने हातात किती पडणार ते दाखवायचे. ‘उचल’ म्हणते, मजुरीतून किती कापले हे कळल्याशिवाय मी बाकी कशी सांगू? ‘मजुरी’ म्हणते, उचल किती बाकी आहे हे कळल्याशिवाय मी कापू किती? दोघींचेही म्हणणे खरे आहे. दोघींपैकी कोणीही आडमुठी नाही. तरीही हिशेब अडला.

ही अडचण दोन वेळी उभी राहते आणि दोन्ही वेळची रूपे निराळी असतात. पहिली वेळ पान उघडण्याची. ब्राउझरला फाइली कोणत्या तरी क्रमाने चालवाव्याच लागतात. ज्या फाइलीची कोणाकडेही मागणी नाही ती आधी, तिच्यावर टेकलेली नंतर, असा साधा नियम आहे. भिंतीआधी पाया, छपराआधी भिंत, तसेच. परंतु दोन फाइली एकमेकींवर टेकल्या असता पाया कोणता आणि भिंत कोणती? ब्राउझर थांबत नाही. तो दोघींपैकी एक आधी चालवतो आणि दुसरी तेव्हा तयार नसते. २०१५ साली जावास्क्रिप्टच्या प्रमाणभाषेत फाइलींची देवघेव करण्याची पद्धत ठरली. त्या पद्धतीत तयार न झालेल्या स्थिर आकड्याला हात लावला तर तेथल्या तेथे चूक जाहीर होते आणि पुष्कळदा आपल्यासमोर कोरे पांढरे पान उभे राहते. त्याआधीची जी पद्धत नोड ह्या प्रणालीने २००९ पासून रूढ केली, तिच्यात चूक जाहीरही होत नाही. अर्धवट भरलेले पोते हातात दिले जाते, आणि जी वस्तू पोत्यात अजून पडलेलीच नाही तिच्या जागी ‘अनिश्चित’ एवढाच शेरा मिळतो. अशा अनिश्चित दराने अठ्ठावीस टनांना गुणले, तर पडद्यावर मजुरीच्या जागी ‘हा आकडा नव्हे’ असे उमटते.

आमच्या मते ह्यातली कोरे पान दाखवणारी पद्धत अधिक प्रामाणिक आहे. तिच्यात निदान अडल्याचे कळते. अर्धे पोते देणाऱ्या पद्धतीत चूक येथे होते आणि दुखणे तिसऱ्याच जागी उमटते. त्यातही एक मौजेची गोष्ट अशी की, ज्या वस्तू लगेच लागत नाहीत, मागाहून लागतात, त्यांच्या बाबतीत चक्र असूनही सगळे ठीक चालल्यासारखे दिसते. मग एके दिवशी कोणी भलत्याच फाइलीतल्या दोन ओळींची अदलाबदल करतो, फाइली चालण्याचा क्रम बदलतो, आणि महिनोन्‌महिने बिनतक्रार चाललेले पान कोसळते. तो बिचारा म्हणतो, मी तर हिशेबाला हातही लावला नाही. त्याचे म्हणणे खरे असते. गाठ आधीपासून होतीच. तिला ताण त्या दिवशी बसला, इतकेच.

दुसरी वेळ येते ती पान उघडून चालू लागल्यावर. येथे भाग एकमेकांना निरोप पाठवतात. मघाचेच उदाहरण पुढे नेऊ. आकडे केवळ समजण्यापुरते घ्यावेत. उचल तीस हजार रुपये. पंधरवड्यात अठ्ठावीस टन ऊस तोडला, दर टनाला चारशे, म्हणजे मजुरी झाली ११,२०० रुपये. ठरावाप्रमाणे मजुरीचा चौथा हिस्सा, म्हणजे २,८०० रुपये उचलीत वळते करायचे. हातात पडले ८,४०० आणि बाकी राहिली २७,२००. येथे हिशेब संपला पाहिजे. परंतु ‘उचल’ ह्या भागाला कोणी शिकवून ठेवले आहे की, बाकी बदलली की ‘मजुरी’ला निरोप दे. आणि ‘मजुरी’ला शिकवले आहे की, उचलीकडून निरोप आला की कपात कर आणि ‘उचल’ला कळव. झाले! बाकी बदलली म्हणून निरोप गेला, निरोप आला म्हणून पुन्हा २,८०० कापले, त्यामुळे बाकी पुन्हा बदलली. चार फेऱ्यांत पंधरवड्याची सगळी मजुरी संपते आणि हातात शून्य राहते. संगणकाला ह्या चार फेऱ्यांना डोळ्याची पापणी लवण्याइतकाही वेळ लागत नाही. पाहणाऱ्याला फक्त शेवटचा आकडा दिसतो, आणि पडद्यावरचा आकडा म्हटला की माणूस त्याला आव्हान द्यायला कचरतो.

येथे कोणी म्हणेल, हे उदाहरण बेतलेले आहे. म्हणून जगातली दोन घडलेली उदाहरणे सांगतो. गूगलने २०१० साली अँग्युलरजेएस नावाची पाने बांधण्याची एक चौकट बाहेर काढली. तिच्यात पडदा बदलला की आतला आकडा बदले आणि आकडा बदलला की पडदा बदले, अशी दुहेरी सोय होती. सोय लोकांना फार आवडली. परंतु दुहेरी सोय म्हणजेच वर्तुळाला दार उघडे. म्हणून बदल शांत होईपर्यंत चौकट पुन्हा पुन्हा तपासत राही, आणि दहा फेऱ्यांतही शांत झाले नाही तर हात टेकून चूक जाहीर करी. अनवस्थेला घातलेला तो बांध होता. दुसरे उदाहरण फेसबुकचे. तेथे न वाचलेल्या निरोपांचा एक आकडा पानावर दिसत असे. आकडा म्हणे एक निरोप आहे, आणि उघडून पाहावे तर नवे काहीच नसे. अभियंते दुरुस्त करीत, काही दिवस बरे जात, आणि दुखणे परत येई. २०१४ साली त्यांनी हे भर सभेत सांगितले आणि त्यावरचा उपायही मांडला. तो उपाय पुढे ओघाने येईल.

एवढी शिकलेली माणसे अशा गाठी का पाडतात? आमचे उत्तर असे की, गाठ कोणी मुद्दाम पाडत नाही. ‘उचल’ लिहिणारा मुलगा वेगळा, ‘मजुरी’ लिहिणारी मुलगी वेगळी. प्रत्येकाने आपल्यापुरती सोय पाहिली. प्रत्येक मागणी त्या दिवशी रास्त होती. दोन रास्त मागण्यांनी मिळून एक अडथळा उभा केला, आणि तो पाहण्यासाठी दोन्ही फाइलींच्या वर उभे राहून पाहणारे कोणी नव्हते. डेव्हिड पार्नस नावाच्या शास्त्रज्ञाने १९७९ सालच्या एका निबंधात इशारा दिला होता की, भागांनी एकमेकांना हवे तसे वापरू दिले, तर शेवटी सगळे भाग चालल्याशिवाय कोणताच भाग चालत नाही, अशी अवस्था येते. तेव्हा आजच्यासारखी वेबपाने नव्हती. तरी इशारा तंतोतंत लागू पडतो.

आता उपायांकडे वळू. पण आधी खोटे उपाय सांगतो, कारण तेच जास्त चालतात. पहिला खोटा उपाय म्हणजे थोडे थांबणे. ‘दुसरी फाइल तयार होईपर्यंत अर्धा सेकंद वाट पाहा’ असे लिहून ठेवायचे. लिहिणाऱ्याच्या चांगल्या संगणकावर अर्धा सेकंद पुरतो. मोलगीच्या घाटात, जेथे मोबाइलची एकच काडी दिसते, तेथे तो पुरत नाही. दुसरा उपाय म्हणजे मागणी डोक्यावरून काढून पोटात लपवणे, म्हणजे ती वस्तू अगदी लागेल तेव्हाच मागवणे. कधी कधी ह्याने वेळ निभावते, आणि निकडीच्या वेळी तसे करायला हरकत नाही. परंतु गाठ सुटली असे समजू नये. ती फक्त नजरेआड गेली. तिसरा उपाय सर्वांत वाईट. चूक दाखवणारा इशाराच बंद करून टाकायचा. गिरणीत भोंगा बिघडल्याची तक्रार कमी झाली म्हणून कोणी आनंद मानला, आणि चौकशीअंती कळले की तक्रारवहीच काढून नेली होती, त्यातला हा प्रकार.

खरे उपाय आमच्या समजुतीप्रमाणे चार आहेत. पहिला अगदी साधा आहे. दोन भाग एकमेकांवाचून क्षणभरही राहू शकत नसतील, तर ते मुळात दोन आहेत काय, हे स्वतःला विचारावे. नसतील तर एका फाइलीत घालावेत. उगाच भिंत घालून दोन चुली मांडण्यात अर्थ नाही.

दुसरा उपाय बहुतेक गाठींवर लागू पडतो, आणि आजच्या व्याख्यानातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची झाली तर ती हीच. दोघांचे भांडण ज्या वस्तूवरून आहे ती वस्तू दोघांकडून काढून घ्यावी आणि तिसऱ्या जागी ठेवावी. तिसऱ्या जागेची अट एकच. दोघांनी तिच्यावर टेकावे, तिने दोघांपैकी कोणावरही टेकू नये. आपल्या उदाहरणात ‘नोंदवही’ नावाची तिसरी फाइल करू. तिच्यात फक्त घडलेल्या गोष्टी लिहायच्या. अमुक तारखेला अमुक उचल दिली. अमुक तारखेला काट्यावर अमुक टन वजन भरले. अमुक दर ठरला. नोंदवही काही कापत नाही, काही ठरवत नाही. मग ‘कपात’ नावाची चौथी फाइल; तिच्यात चौथ्या हिश्शाचा नियम. ती फक्त नोंदवहीकडे पाहते आणि प्रत्येक पंधरवड्याची कपात एकदाच मोजून देते. आता ‘उचल’ नोंदवही आणि कपात पाहून बाकी सांगते, ‘मजुरी’ त्याच दोघांना पाहून हातात पडणारी रक्कम सांगते. ‘उचल’ला ‘मजुरी’चे नावही माहीत असण्याची गरज उरली नाही. कितीही वेळा मोजले तरी बाकी २७,२०० आणि हातात ८,४००, कारण प्रत्येक वेळी मोजणी मूळ नोंदीपासून सुरू होते. आधीच्या फेरीने बदललेल्या आकड्यावर ती चढत नाही.

तिसरा उपाय दिशेचा. पानातले भाग वडील आणि मुले असे रचलेले असतात. मोठ्या चौकटीत छोटी चौकट, तिच्यात बटण. नियम असा करावा की, माहिती वरून खाली यावी आणि वार्ता खालून वर जावी. बटणाने वडिलांचे घर उघडून आतल्या वस्तू हलवू नयेत. त्याने एवढेच म्हणावे, ‘मला दाबले.’ पुढे काय करायचे ते वडील ठरवतील. बटणाला वडील कोण हे ठाऊकही नसावे. वडिलांनीच त्याच्या हाती आधी एक चिठ्ठी दिलेली असते की, काही घडले तर ह्या पत्त्यावर कळव. म्हणजे मागणीचा बाण वडिलांकडून मुलाकडे एवढाच राहतो, उलटा बाण राहत नाही. फेसबुकने २०१३ साली सर्वांना खुली केलेली रिॲक्ट ही चौकट ह्याच शिस्तीवर उभी आहे. दोन भावंडांना एकच माहिती लागली तर ती दोघांच्या समाईक वडिलांकडे नेऊन ठेवावी, असे तिच्यात सांगितलेले असते. हा दुसऱ्या उपायाचाच घरगुती प्रकार झाला. निरोपांच्या आकड्याच्या दुखण्यावर २०१४ साली जो उपाय मांडला गेला, त्याचे नाव फ्लक्स. त्याचेही सार हेच होते की, सगळे बदल एकाच दारातून यावेत, एक बदल पुरा झाल्याशिवाय दुसरा आत घेऊ नये, आणि वाहणे एकाच दिशेने असावे. दोन खाती एकमेकांची वाट पाहत बसली, तर तो दरवान ‘येथे वर्तुळ आहे’ असे सांगून काम थांबवीत असे.

चौथा उपाय मध्यस्थाचा. १९९४ साली चार लेखकांनी मिळून लिहिलेल्या रचनांच्या प्रसिद्ध पुस्तकात ह्याला मध्यस्थ असेच नाव आहे. दोन भाग एकमेकांशी न बोलता तिसऱ्याशी बोलतात. ह्याचाच एक सैल प्रकार म्हणजे दवंडी. एकाने चावडीवर दवंडी पिटावी, ज्याला गरज असेल त्याने ऐकावी. पिटणाऱ्याला कोण ऐकतो हे माहीत नसावे.

ह्या उपायाबद्दल मात्र दोन शब्द अधिक बोलले पाहिजेत, कारण येथे आमच्या धंद्याचा अनुभव कामी येतो. संप झाला की मालक म्हणतो, आधी कामावर या, मग बोलू. कामगार म्हणतात, आधी बोला, मग कामावर येऊ. शुद्ध अन्योन्याश्रय! १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने अशा वेळी समेट अधिकाऱ्याची सोय केली. त्या कायद्यातल्या समेट अधिकाऱ्याचे बळ एका मर्यादेत होते. तो दोघांना बोलावी, दोघांचे ऐकून घेई, तडजोड जमली तर कागदावर उतरवी, न जमली तर तसे सरकारला कळवी. निवाडा देण्याचा अधिकार त्याला नव्हता. ह्या मर्यादेतच त्याची उपयुक्तता होती. ज्या वाटाघाटीत मध्यस्थच दोन्हीकडची गुपिते पोटात ठेवून मालक होऊ पाहतो, तेथे गाठ सुटत नाही, ती त्याच्या मुठीत जाते. पानातही नेमके असेच घडते. मध्यस्थाकडे हळूहळू सगळे नियम गोळा होतात, तो फुगतो, आणि मग त्याला हात लावायची कोणाची छाती होत नाही. दवंडीचा धोका उलट आहे. ज्याने त्याने दवंड्या पिटल्या, की कोणती ऐकून कोण काय करतो हे कोणालाच सांगता येत नाही, आणि दवंडी ऐकून दवंडी पिटणारा निघाला की वर्तुळ पुन्हा सुरू होते. फरक एवढाच की, आता ते फाइलींच्या डोक्यावर वाचायला मिळत नाही. म्हणून मध्यस्थाने निरोप पोचवावा, निर्णय करू नये. आणि दवंडी ‘असे घडले’ एवढीच असावी, ‘तू असे कर’ अशी नसावी.

गाठ आहे की नाही हे ओळखावे कसे? ह्याला संगणकही लागत नाही, कागद आणि पेन्सिल पुरते. प्रत्येक भागाचे नाव लिहा आणि जो ज्याच्यावर टेकतो त्याच्याकडे बाण काढा. आता ज्याच्यातून एकही बाण निघत नाही, म्हणजे जो कोणावरच टेकत नाही, तो खोडा आणि त्याच्याकडे येणारे बाणही खोडा. पुन्हा तसाच दुसरा शोधा. असे खोडत खोडत सगळी नावे संपली तर गाठ नाही, आणि ज्या क्रमाने खोडले तोच चालवण्याचा योग्य क्रम. नावे उरली पण कोणताच भाग खोडता येईना, तर उरलेल्यांत वर्तुळ आहे हे नक्की. ह्या जातीची रीत आर्थर कान यांनी १९६२ साली मोठमोठ्या कामांच्या आखणीसाठी छापून प्रसिद्ध केली. आज ही तपासणी करणारी मॅजसारखी हत्यारे फुकट मिळतात. फाइल नवी लिहिली की लगेच त्यांनी तपासावी आणि वर्तुळ आढळले तर ती फाइल आतच घेऊ नये, अशी शिस्त लावता येते. आम्ही तरुणांना सांगतो की, ही शिस्त पहिल्या दिवशी लावणे स्वस्त पडते. पाचशे फाइली झाल्यावर ती लावणे म्हणजे विणून झालेल्या घोंगडीतला धागा ओढण्यासारखे आहे.

बंधुभगिनींनो, हे सगळे पाने लिहिणाऱ्यांसाठी झाले. आपल्यापैकी बहुतेकांना पान लिहायचे नाही. परंतु हीच गाठ कचेऱ्यांच्या खिडक्यांवर रोज पडते, आणि ती पाडणारे नियमच पुढे पानात उतरतात. आपल्या जिल्ह्यात शहादे तालुक्यातल्या टेंभलीला २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातला पहिला आधार क्रमांक दिला गेला. ती योजना आखताना हाच प्रश्न उभा होता. ओळख मिळवायला कागद हवा, आणि कागद मिळवायला ओळख हवी. मग ज्याच्याकडे एकही कागद नाही त्याने सुरुवात कोठून करावी? त्यासाठी परिचयकर्त्याची तरतूद ठेवण्यात आली. नेमलेल्या माणसाने ‘मी ह्याला ओळखतो’ असे सांगावे, म्हणजे नोंदणी व्हावी. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या नियमांतही असेच आहे. दावेदाराकडे जुना सरकारी कागद नसला, तर गावातल्या वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब पुरावा म्हणून धरला जातो. दोन्ही ठिकाणी युक्ती एकच आहे. वर्तुळाच्या बाहेर ज्याचे पाय जमिनीवर आहेत असा तिसरा आधार आणायचा.

आणि उलटी गोष्टही तितकीच खरी. जेथे तिसरा आधार आणला जात नाही, तेथे वर्तुळात जबाबदारी हरवते. मजुराने पैसे मागितले की मुकादमाने म्हणावे, कारखान्याकडून हिशेब आला की देतो. आणि कारखान्यात विचारावे तर उत्तर मिळावे, आम्ही मुकादमाला ओळखतो, त्याला विचारा. ऊसतोड्यांत काम करणाऱ्या कोणालाही हे संभाषण नवे नाही. दोघेही एकमेकांकडे बोट दाखवतात आणि मधल्या मध्ये कोयता रिकाम्या हाताने घरी येतो. अशा जागी आमची पहिली मागणी वाढीव दराचीही नसते. काट्याची पावती मजुराच्या हाती द्या, उचलीची नोंद त्याच्यासमोर करा, आणि ती नोंद मुकादमाच्या खिशाबाहेर व कारखान्याच्या कपाटाबाहेर, दोघांनाही खोडता येणार नाही अशा जागी ठेवा, ही पहिली मागणी असते. पडद्यावरचे पान बांधताना जी नोंदवही आपण वेगळी काढली, ती ही.

तेव्हा यापुढे ‘साइट चालत नाही’ हे उत्तर मिळाले, तर आपण दोन प्रश्न विचारावेत. काय कशासाठी अडले आहे? आणि ते ज्याच्यासाठी अडले, ते स्वतः कशासाठी थांबले आहे? बाण काढत जा. बाण कोठे तरी जमिनीला टेकला तर तेथे जाऊन काम करून घेता येते. फिरून पहिल्याच जागी आला, तर समजा की येथे आज किंवा उद्या येऊन उपयोग नाही. येथे नियम बदलून घेतला पाहिजे, आणि ते काम एकट्याने नव्हे, चौघांनी मिळून करायचे असते. ज्या तरुणांना पाने बांधायची आहेत त्यांना सांगणे एवढेच की, तुमच्या फाइलीच्या डोक्यावर एक मागणी वाढवताना खाली कोणाचा पंधरवडा टेकलेला आहे, हे लक्षात असू द्या.